बिनआरशाचा कॅमेरा

“हं, आता विचारा मुलीला काय विचारायचं ते,” असं म्हणून इंगवलेदादांनी सतरंजीवर दोन कॅमेरे मांडले आणि स्वतः मांडी घालून वधूपित्यासारखा गंभीर चेहरा करून बसले.

मसाईच्या पठारावर त्या वेळी ऊन उतरणीला लागलं होतं. पन्हाळ्याच्या पुढचं हे पठार म्हणजे नुसता सपाट दगड आणि गवत, पण वर आभाळ इतकं मोठं, की माणूस बोलता बोलता मध्येच गप्प होतो आणि आपण काय बोलत होतो ते विसरतो. पाऊस संपून थोडे दिवस झाले होते. गवत पिवळं पडायला लागलं होतं आणि खोलगट जागी अजून पाण्याची तळी साचलेली होती.

आमच्या कोल्हापुरातल्या हौशी फोटोवाल्यांच्या मंडळात ही एक रीतच पडून गेली होती. कुणाला नवा कॅमेरा घ्यायचा असला, की दुकानाची पायरी चढायच्या आधी ज्याच्याकडे तसला कॅमेरा असेल त्यानं तो एका संध्याकाळपुरता पठारावर आणायचा. घेणाऱ्यानं पोहे आणायचे. याला नाव ‘बघण्याचा कार्यक्रम’. आम्ही जैन, त्यामुळे आमचे पोहे बिनकांद्याचे, आणि त्यावरून इंगवलेदादांनी मला वर्षानुवर्षं छळलंय. राजारामपुरीत त्यांचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ. सगळ्या कोल्हापूरची लग्नं खाऊन आलेला माणूस, त्याला आमचे पोहे कुठले गोड लागायला!

“वहिनी, कांद्याशिवाय पोहे आणि आरशाशिवाय कॅमेरा,” ते म्हणाले. “आज सगळंच बिनाचं दिसालंय.”

“कांदा नाही आमचा, आरसा नाही तुमचा. फिट्टंफाट,” मी म्हटलं.

माझे यजमान हसले नाहीत. त्यांचं नाव भरतेश मगदूम. चारचौघांत मी त्यांना ‘हे’ म्हणते, पण लिहिताना ‘हे’ म्हणजे नवरा की कॅमेरे असा घोळ व्हायचा, म्हणून इथं सरळ नावच घेते. आता माझ्या सासूबाई नाहीत ऐकायला.

शिरोलीच्या एमआयडीसीत त्यांचं वर्कशॉप होतं. फौंड्रीत ओतकाम करण्याआधी लाकडाचा हुबेहूब नमुना करावा लागतो, तो पॅटर्न करण्याचं काम. केसाएवढी चूक झाली तरी हात थबकणारा माणूस. फोटोंतही तसाच. खरे फोटोवाले ते. मी नुसती ट्रायपॉडवाली. लग्न झाल्यापासून त्यांच्यामागून ती तीन पायांची काठी खांद्यावर घेऊन मी सगळा सह्याद्री हिंडले. सूर्य कलला की आमच्या घरी एकच धांदल उडायची. सासूबाईंना दिवस मावळायच्या आत जेवण हवं आणि यांना दिवस मावळतानाचा उजेड. मी एका हातानं भाकरी थापायची आणि दुसऱ्या हातानं लेन्स पुसायचं फडकं शोधायची.

मग त्यांच्या डोळ्यांचं सुरू झालं. डोळ्याच्या पडद्याचा आजार, घराण्यातून आलेला. आधी रात्र गेली. अंधारात सगळ्यांनाच कमी दिसतं, म्हणून आम्ही मनावर घेतलं नाही. मग संध्याकाळ गेली. लोकांना ज्या उजेडात पेपर वाचता येतो, त्यात भरतेशना समोरचं दार दिसेना. मग कडेचं दिसणं आत आत येऊ लागलं. डॉक्टर म्हणाले, समोर एक खिडकी राहील, भर उजेडात त्यातून चांगलं दिसेल, पण ती किती दिवस राहील ते सांगता येणार नाही. त्या वर्षी गणपती झाले आणि एका सकाळी भरतेशनी कपाटातला कॅमेरा, लेन्सा, फिल्टर सगळं काढलं, पुसलं आणि मंडळाला देऊन टाकलं. मला म्हणाले, “मी थांबलो. आता तू घे एक. घरात कुणीतरी बघणारं पाहिजे.”

मला कॅमेरा नको होता. मला माझा नवरा पठारावर हवा होता, पूर्वीसारखा, ‘हलू नको गं, तुझी सावली येतीय’ म्हणून खेकसणारा. ज्या माणसाचा सगळा जीव तिन्हीसांजेत, तो दिवेलागणीला खोलीत जाऊन पंखा लावून पडून राहायला लागला होता. मी होकार दिला तो एवढ्याचसाठी, की कॅमेरा बघायच्या निमित्तानं तरी ते एकदा वर येतील. वर आले की मन बदलेल असं मला वाटत होतं. ते आले, पण एक अट घालून आले. सूर्य बुडायच्या आत गाडीत बसायचं.

“ही थोरली,” इंगवलेदादांनी ओळख करून द्यायला सुरुवात केली. “फुल फ्रेम. उजेड टिपणारा सेन्सर मोठा, त्यामुळं तिन्हीसांजेला बी फोटो फाटत न्हाई. तिच्यावर ही रुंद लेन्स, हिचं तोंड बघा केवढं हाय. आणि ही धाकटी. सेन्सर बारका, पण अंगानं हलकी. बाजाराच्या पिशवीत टाका आणि चाला.”

भरतेशनी थोरली उचलून हातात तोलली. “वजन?”

“लेन्स धरून बऱ्यापैकी हाय. खोटं कशाला बोलू.”

“बॅटरी?”

“खाती. सारखी आत स्क्रीन चालू असती न्हवं. दोन-तीन बाळगायच्या.”

“धूळ?”

“आरसा न्हाई, त्यामुळं लेन्स काढली की सेन्सर उघडाच. वाऱ्याकडं पाठ करूनच बदलायची.”

“आणि बघायचं कुठनं?”

“हितनंच की, नेहमीसारखं डोळा लावून. आत बारका टीव्ही हाय.”

“म्हणजे टीव्ही बघायला डोंगरावर यायचं,” भरतेश म्हणाले आणि थोरली खाली ठेवली.

हा त्यांचा जुना हट्ट. मंडळातले सगळे एकामागून एक मिररलेसवर, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यांवर गेले, हे एकटे आरशावर राहिले. त्यांचं म्हणणं मला पाठ होतं, तरी त्यांनी ते पुन्हा सांगितलं. “आरशातनं येतो तो खरा उजेड, दादा. डोंगरावरनं निघाला, लेन्समधनं आला, आरशावरनं उडाला आणि माझ्या डोळ्यात गेला. मध्ये कोण नाही. ह्यात आधी यंत्र बघणार, आणि मग मला काय दाखवायचं ते तेच ठरवणार.”

“एकदा डोळा तरी लावून बघा.”

“नको.”

“अहो, मुलीचं तोंड न बघताच नकार?”

“मुलगी पद्मजाला बघायची आहे. मला काय विचारता?”

मग मी बघितली. दोन्ही बघितल्या. खरं सांगायचं तर त्या उन्हात आतल्या टीव्हीपेक्षा बाहेरचं पठारच चांगलं दिसत होतं, आणि भरतेशचं काही चुकत नाही असं मला वाटलं. धाकटी मात्र मला आवडली. हातात घेतली की घेतली आहे असं वाटतच नव्हतं. मी गवताचे फोटो काढले, दगडावर वाळत चाललेल्या शेवाळाचे काढले, लांबवर दिसणाऱ्या मसाईच्या देवळाचा काढला. थोरली गळ्यात घातली तेव्हा मानेनं लगेच कुरकुर केली.

“धाकटी,” मी जाहीर केलं.

“एवढ्यात? संध्याकाळ होऊ दे की, वहिनी,” इंगवलेदादा म्हणाले. “उजेडात सगळ्याच चांगल्या दिसत्यात.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. वेळ काढायचा कट त्यांना मी सांगितलेला नव्हता, पण त्यांना तो कळला होता.

दिवस असताना जेवायचं म्हणून मी डबा उघडला. भाकरी, मुगाची उसळ, दही. ऊन गवताच्या बुडापर्यंत तिरकं घुसलं होतं आणि प्रत्येक काडी वेगळी दिसत होती. भरतेश जेवता जेवता मान डावीकडे, उजवीकडे हळूहळू फिरवत होते. त्यांना आता एका नजरेत एवढं पठार मावत नव्हतं. ते तुकडे तुकडे बघून मनात जोडत होते.

“पद्मा, एक ऐकून ठेव,” ते म्हणाले. “सूर्य बुडाला की सगळी जणं ट्रायपॉड गुंडाळतात. तू गुंडाळू नको. आधी सगळं राखेसारखं होईल. वाटेल, संपलं. तिथंच थांबायचं. मग रंग खालनं यायला लागतो, जमिनीतनं. निळा, पण शाईचा निळा नव्हे. कसा सांगू... आणि पाणी आभाळापेक्षा उजळ होतं. त्या वेळी घाई करायची नाही. आधी नुसतं बघायचं.”

घराच्या किल्ल्या हातात देताना माणूस बोलतो, तसं ते बोलत होते.

“तुम्हीच दाखवा की मला,” मी म्हटलं.

“मला दिसतंय होय ते आता? मी आठवणीतलं सांगतोय. तू बघ आणि घरी येऊन मला सांगत जा.”

“मला काय सांगता येणार? ‘छान होतं’ एवढंच येतं मला.”

“तर मग तेवढंच सांग,” भरतेश म्हणाले. “तेवढंही पुरेल.”

मला इतका राग आला, की मी डब्याचं झाकण दाणकन लावलं. “मला नको तुमचा कॅमेरा. थोरली नको आणि धाकटीही नको. तुम्ही घरात पंखा लावून पडायचं आणि मी इथं एकटीनं येऊन निळं बघायचं? कशासाठी?”

“असं बोलू नको, पद्मा. आपलं ठरलंय. मी आता परत इथं वर येणार नाही. धडपडून कुणाच्या तरी गळ्यात पडायचं, ते मला जमणार नाही.”

इंगवलेदादा उठले. फार बोलका माणूस, पण योग्य वेळी त्यांना गप्प बसता येत असे. “मी देवळाकडनं जीप हिकडं घेऊन येतो,” ते म्हणाले. “अंधारात तेवढं चालायला नको. तवर वहिनी, थोरली ट्रायपॉडवर चढवा. अंधारातली परीक्षा तिचीच.” आणि जाता जाता तिच्यावर काहीतरी खटखट बटणं दाबून गेले.

सूर्य बुडायच्या आत गाडीत बसायचं होतं, पण आता गाडीच नव्हती. तळ्याच्या काठाशी एक बसका दगड होता, त्यावर ते बसले. मी शेजारी ट्रायपॉड उभा केला. तो लांबलेला तांबूस उजेड आमच्या अंगावर होता तोवर होता, आणि मग सूर्य पलीकडच्या डोंगरामागे गेला.

“गेलं,” भरतेश म्हणाले.

रोज संध्याकाळी ते असंच म्हणत. तक्रार नसे त्यात. घरातली वीज गेल्यावर माणूस म्हणतो तसं. माझ्यासाठी अजून पुष्कळ उजेड होता, आभाळ केशरी होतं, तळ्यात ते उलटं दिसत होतं. पण माझ्या हातभर अंतरावर बसलेल्या माणसासाठी कुणीतरी पडदा ओढून घेतला होता. त्यांनी हात पुढे केला, मी तो खांद्यावर घेतला, आणि आम्ही तसेच थांबलो.

ते म्हणाले होते तसंच झालं. आधी सगळं राखेसारखं झालं. केशरी गेलं, गवत करडं झालं, डोंगर जवळ सरकल्यासारखे वाटले. वारा पडला. लांब कुठंतरी टिटवी ओरडली आणि गप्प झाली. वाटलं, संपलं. मग मलाही नीट दिसेनासं झालं. तळं कुठं संपतं आणि काठ कुठं सुरू होतो ते कळेना. निळा रंग आला असेल तर तो मला ओळखता आला नाही. ‘छान होतं’ हेही घरी जाऊन सांगता येणार नाही, असं मनात म्हणत मी निव्वळ करायचं म्हणून थोरलीला डोळा लावला.

आत उजेड होता.

मी डोळा काढला. बाहेर अंधार. परत लावला. आत सगळं पठार निळसर उजेडात पसरलं होतं. पहाट होते आहे, की कुणी मोठा चंद्र आणून टांगला आहे, असा तो उजेड. राजगिऱ्याच्या दाण्यांसारखे बारीक ठिपके त्यात सळसळत होते, पण तळ्याचा काठ दिसत होता, काठावरचे दगड दिसत होते, आणि पाणी आभाळापेक्षा उजळ होतं.

“अहो,” मी म्हटलं, “इकडं या.”

“कशाला?”

“बघा ह्यात.”

“आता तुलाच दिसेना झालं असेल. मला कुठलं दिसायला?”

“डोळ्यांनी मलाही दिसत नाही. ह्यात दिसतंय.”

“यंत्र दाखवतंय तुला, पद्मा. ते खरं नव्हे. इकडचा तिकडचा उजेड ओढून, फुगवून दाखवतंय ते.”

“दाखवू दे की!” मी ओरडलेच. इतक्या मोकळ्या जागी स्वतःचा आवाज फार मोठा वाटतो. “तुमचा खरा उजेड तुम्हाला टाकून गेला. किती वर्षं त्याची बाजू घेणार आहात? आता हा खोटा तरी बघा एकदा.”

असं मी त्यांना कधीच बोलले नव्हते. डोळ्यांबद्दल तर नाहीच नाही. ते दगडावरून उठले आणि अंदाजानं हात पुढे केला. मी तो धरून कॅमेऱ्यावर ठेवला. बोटांना कॅमेरा कळतच होता, त्यांनी तो चाचपला, वाकले, आणि डोळा जागेवर नेला.

नेला आणि तसेच राहिले. मी त्यांचा श्वास ऐकत होते. तो मध्येच थांबला आणि मग सुरू झाला.

“हा मघाशी काढलेला फोटो आहे का?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

“नाही. समोरचं आहे. आत्ताचं.”

“फोटो नव्हे?”

“नव्हे हो.”

“हलतंय.”

“काय हलतंय?”

“गवत,” भरतेश म्हणाले. “गवत हलतंय, पद्मा.”

ते एक पाय मागे घेऊन नीट उभे राहिले, पूर्वी उभे राहत तसे, कोपर अंगाशी धरून. “ह्यात दोन म्हशी आहेत,” थोड्या वेळानं ते म्हणाले. “अजून पाण्यातच आहेत.”

“कुठल्या म्हशी?”

“डाव्या अंगाला. एकीचं शिंग खाली वळलंय. तुला दिसत नाहीत होय?”

मी डोळे फाडफाडून बघितलं. मला नुसता काळोख दिसत होता. मग त्या काळोखातून फुर्रकन नाकातून पाणी उडवल्याचा आवाज आला आणि मी दचकले. भरतेश हसले. पोटातून, मोठ्यानं. त्यांचं ते हसणं ऐकून किती दिवस झाले होते.

“मापात बसलंय बघ,” ते म्हणाले. “डॉक्टर म्हणत होते ना, एक खिडकी राहील? हे चित्र त्या खिडकीएवढंच आहे. कडेला काही सांडत नाही. सगळं एका नजरेत मावतंय. मी दुपारपासनं मान फिरवून फिरवून हे गोळा करत होतो गं.”

मग त्यांनी थोरलीला ट्रायपॉडवरून सोडवलं, न चाचपडता, पट्टा मनगटाला गुंडाळला आणि ती डोळ्याला लावून सावकाश वळायला लागले. मी बाजूला झाले. ते जे दिसेल ते पुटपुटत होते. मला ते सांगत नव्हते, स्वतःलाच सांगत होते. ते झुडूप. तो दगड, ज्यावर मघाशी डबा ठेवला होता. आपली पायवाट. ती इतकी पांढरी असते होय? देवळापाशी दिवा लागला. कडा. कड्याच्या पलीकडं धुकं साचलंय, दुधासारखं, आणि त्यातनं एकच झाड वर आलंय. त्यांच्या तोंडून ते पठार माझ्या अंधारात एकेक वस्तू करत उगवत होतं. ते सांगत, आणि मग मला तिथं खरंच काहीतरी असल्यासारखं वाटे. मला आठवतं, मी त्या वेळी श्वास घेतानाही आवाज होऊ देत नव्हते. त्यांना जागं केलं तर हे सगळं मोडेल असं वाटत होतं.

“वर एक डाग आहे,” ते म्हणाले. “लेन्सवर धूळ असेल.”

मी वर बघितलं. “चांदणी आहे ती.”

“चांदणी?”

“हो.”

त्यांनी कॅमेरा डोळ्यावरून काढला, नुसत्या डोळ्यांनी वर बघितलं, परत कॅमेरा लावला. “आहे की,” ते म्हणाले. “यंत्रानं काय मनानं लावलेली नाही.”

त्या संध्याकाळला आता पुष्कळ वर्षं झाली. थोरलीच आम्ही घेतली. तशी नवी दुकानातून आणली, आणि माझ्या मानेनं तिची सवय करून घेतली. डोळा लावायच्या जागेचं रबर झिजून झिजून दोनदा बदलावं लागलं. भरतेशची खिडकी आणखी लहान झाली आहे, आणि त्यातून जे काय दिसतं ते बघायला आम्ही अजून वर जातो. इंगवलेदादा मंडळातल्या नव्या मुलांना ही गोष्ट सांगतात तेव्हा म्हशींपाशी संपवतात, कारण त्यांना मी तेवढीच सांगितली आहे. पुढचं कुणाला सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळी फिरत फिरत तो कॅमेरा माझ्यावर आला आणि थांबला.

अंधार पडल्यावर भरतेशच्या समोर मी कधी माझा चेहरा सांभाळला नव्हता. दिवसा सांभाळत असे. दिवसा मी हसतमुख असे, सासूबाईंना पथ्याचं करून वाढत असे, दवाखान्यात डॉक्टर बोलत असताना ‘हो, हो’ म्हणून मान हलवत असे, आणि भरतेशची ती उरलेली खिडकी माझ्याकडे वळली की त्यात नेहमीची पद्मजा दिसेल याची काळजी घेत असे. पण दिवस मावळला की त्यांना माझा फक्त आवाज उरे. तो मी नीट ठेवत होते. ‘इथं पायरी आहे’, ‘जरा थांबा, रिक्षा जाऊ दे’, असं अगदी साध्या आवाजात सांगत मी त्यांना घरी आणत असे, आणि त्या वेळी माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत असे. ते पुसायचेही कष्ट मी घेत नव्हते. कितीतरी संध्याकाळी अशा गेल्या. ती माझी हक्काची वेळ होती. शेजारी नवरा, हात त्याच्या हातात, आणि तरी मी अगदी एकटी. त्याही वेळी मी तशीच उभी होते, पश्चिमेच्या उरल्यासुरल्या उजेडाकडे तोंड करून, निर्धास्त.

“पद्मा.”

“हं?” माझा आवाज नेहमीसारखा होता.

“रडालीयस तू.”

“नाही हो. गार लागालंय म्हणून आवाज...”

“आवाज बराय तुझा,” भरतेश म्हणाले. “मला दिसतंय.”

मी ओढणीचं टोक शोधायला लागले.

“पुसू नको.”

मी हात खाली घेतला. समोर काळोखात मला फक्त त्यांचा आकार कळत होता, आणि डोळ्याच्या जागी त्या कॅमेऱ्याचा. त्यांनी फोटो काढला नाही. नुसते बघत राहिले. देवळाच्या बाजूनं जीप सुरू झाल्याचा आवाज आला, तो अजून लांब होता.

“हे रोजचंच आहे?” त्यांनी विचारलं. “माझं दिसणं गेल्यापासनं?”

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही. इतकी वर्षं मी त्याला वळण लावलं होतं, नेमका तोच दगा देऊन बसला. मग मी नुसती मान हलवली. अंधारात, एकदाच, हो म्हणून.

“बरं,” भरतेश म्हणाले.